फोन साधा चालेल, नंबर परका चालणार नाही



या देशातला पहिला मोबाईल फोन ३१ जुलै १९९५ रोजी वाजला. कलकत्त्याहून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या दिवसांत बोलण्याचा दर गर्दीच्या वेळी मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत होता आणि समोरून आलेल्या फोनचेही पैसे पडत. कोरडवाहू कापूसवाल्याने तिकडे बघण्याचेही कारण नव्हते. २००३ साली येणारे फोन फुकट झाले. त्याच वर्षी नोकियाचा ११०० नंबरचा फोन आला. धूळ आत न जाणारी बटणे, वर टॉर्च. तिथून फोन बांधावर आला. तो कोणत्याही अनुदानातून आला नाही, कोणत्या पुढाऱ्याने वाटला नाही. सरकारची मक्तेदारी सुटली, कंपन्यांत चढाओढ लागली, दर पडले आणि फोन आला. शेतमालाच्या बाजारात हे कधी होणार, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू.

आज गावात मोठ्या पडद्याचे फोन खूप झाले आहेत. ज्याला झेपतो त्याने तो जरूर वापरावा. पण वेचणीच्या वेळी खिशात असलेला, दोन-तीन दिवस चार्जिंग न मागणारा, हातातून ढेकळावर पडला तरी चालणारा बटणांचा फोन अजून हजारो घरांत आहे. तो असणाऱ्याने कमीपणा वाटून घेऊ नये. मात्र तो नीट लावला पाहिजे आणि नीट वापरला पाहिजे. तिफणीची फणे नीट बसवली नाहीत तर बी वर राहते. फोनचेही तसेच आहे.

घेताना

दुकानात पहिला प्रश्न हा विचारा की या फोनमध्ये कोणत्या कंपनीचे सिम चालेल. जिओचे जाळे फोर-जी आणि त्यापुढचे आहे. जुन्या टू-जी फोनमध्ये जिओचे सिम टाकले तर ते बोलणार नाही. त्यासाठी फोर-जी चालणारा बटणांचा फोन लागतो. टू-जी फोन घ्यायचा तर एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएल यांपैकी ज्याचा टॉवर घरी आणि शेतात, दोन्हीकडे लागतो त्याचे सिम घ्या. शेजाऱ्याचा फोन विहिरीपर्यंत नेऊन पाहिला की हे कळते. आधीचा नंबर असेल तर तो सोडू नका. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. पोर्ट असा इंग्रजी शब्द, मग मोकळी जागा आणि आपला नंबर, एवढा संदेश १९०० वर पाठवायचा.

पक्के बिल घ्या. फोनवर *#०६# दाबले की पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो. तो खोक्यावर आणि बिलावर तोच आहे का ते पाहा. फोन हरवला किंवा चोरीला गेला तर तक्रारीत आणि तो बंद करवताना हाच क्रमांक लागतो. जुना फोन घेत असाल तर केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरे आणि हा क्रमांक १४४२२ वर पाठवा. चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर कळेल.

लावताना

सिम स्वतःच्या नावावर घ्या. यंत्रावर अंगठा एकदाच द्या. "नाही उठला, परत ठेवा," असे दुकानदार म्हणाला तर पहिला खरोखर नाकारला गेला का ते विचारा. दुसऱ्या अंगठ्यावर तुमच्या नावाने दुसरे सिम निघू शकते आणि ते कुठे जाईल याचा पत्ता लागत नाही. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत हे दूरसंचार खात्याच्या संचार साथीवर दिसते. गावातल्या एखाद्या पोराच्या मोठ्या फोनवर ते एकदा पाहून घ्या.

फोन बंद करून, बॅटरी काढून, सिमचा कापलेला कोपरा खोबणीच्या कापलेल्या कोपऱ्याला जुळवून सोनेरी बाजू खाली बसवा. पहिल्यांदा पूर्ण चार्ज करा. भाषा मराठी करा. तारीख आणि वेळ बरोबर लावा, कारण बँकेचा किंवा खरेदी केंद्राचा संदेश कधी आला हा उद्या पुरावा ठरू शकतो. घरचे, दवाखान्याचे, तीन व्यापाऱ्यांचे आणि लाईनमनचे नंबर नावानिशी भरा. अक्षरे जमत नसतील तर एक-एक बटण एका माणसाला नेमून देता येते. ते दाबून धरले की फोन लागतो. अडचणीच्या वेळी ११२ लावा. २०१६ च्या नियमाप्रमाणे बनलेल्या बटणांच्या फोनवर ५ किंवा ९ चे बटण दाबून धरले तरी मदतीचा फोन लागतो. आपल्या फोनवर कोणते बटण आहे ते दुकानातच विचारून ठेवा.

एक गोष्ट फार जण विसरतात. साध्या फोनची संदेशांची पेटी लहान असते. जाहिरातींनी ती भरली की नवा संदेश आत येत नाही. नेमका त्याच दिवशी बँकेचा आकडा यायचा असतो. आठवड्यातून एकदा पेटी झाडा, बँकेचे आणि खरेदीचे संदेश तेवढे ठेवा.

रिचार्ज मारताना "फक्त बोलण्याचा आणि संदेशाचा पॅक द्या" असे स्पष्ट सांगा. जो इंटरनेट वापरत नाही त्याच्या गळ्यात इंटरनेटचे पैसे बांधले जात होते. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम केला की प्रत्येक कंपनीने निव्वळ बोलण्या-संदेशाचा पॅक ठेवलाच पाहिजे आणि त्याची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. पण नियम दिल्लीत असतो आणि आपण दुकानात असतो. मागितल्याशिवाय मिळत नाही.

नंबर म्हणजे अंगठा

आपल्या आजोबांनी सावकाराच्या कोऱ्या कागदावर अंगठे उठवले. त्यावर पुढे काय लिहिले गेले ते त्यांना कळले नाही. आज तो अंगठा म्हणजे फोनवर येणारा ओटीपीचा आकडा. शेतकरी ओळख क्रमांक, पीएम किसानची पडताळणी, बँकेचे खाते, सगळीकडे आधारशी जोडलेला नंबर विचारतात. हा नंबर कोणाचा आहे? खेड्यात विचारून पाहा. कोणाचा सेतूवाल्याचा, कोणाचा कृषी केंद्राच्या मालकाचा, कोणाचा पुण्याला कामाला गेलेल्या पुतण्याचा. जमीन माउलीच्या नावावर आणि नंबर दिराचा, असेही असते. म्हणजे सातबारा आपला आणि अंगठा दुसऱ्याच्या खिशात.

यात सगळेच लबाड असतात असे नाही. बहुतेकांनी अडल्यानडल्याला मदत म्हणूनच आपला नंबर दिला. पण तो माणूस आजारी पडला, गाव सोडून गेला किंवा भांडला तर आपले काम तिथेच अडते. आणि रिचार्जअभावी बंद पडलेला आपला जुना नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या कोणालाही देऊ शकते. मग आपल्या बँकेचा संदेश कुठल्या तरी अनोळखी माणसाकडे जातो.

म्हणून नवे सिम लागले की पहिले काम, आधार केंद्रात जाऊन आपला नंबर जोडून घ्या. १ ऑक्टोबर २०२५ पासून याचे शुल्क ७५ रुपये आहे, कागदपत्र लागत नाही, अंगठा लागतो. त्यानंतर बँकेत अर्ज द्या. घरात दोन खातेदार असतील तर दोन नंबर ठेवा. आणि फोनवर आलेला आकडा कोणालाही सांगू नका. बँकवाला म्हणो, पोलीस म्हणो, विमावाला म्हणो. पैसे गेलेच तर उद्याची वाट न बघता त्याच घटकेला १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात.

भाव कळणे आणि भाव मिळणे

फोनने शेतकऱ्याला भाव मिळतो का? यावर दोन अभ्यास झाले आहेत आणि दोन्ही आपण ऐकले पाहिजेत.

उत्तर केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात टप्प्याटप्प्याने टॉवर आले. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने तिथल्या तारलीच्या बाजाराचा अभ्यास २००७ साली छापला. फोनच्या आधी एका बंदरावर मासळी फेकून द्यावी लागे आणि शेजारच्या बंदरावर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाई. फोन आल्यावर मच्छीमार समुद्रातूनच विचारू लागले आणि जिथे भाव तिथे होडी वळवू लागले. मासळी फेकणे जवळजवळ थांबले. मच्छीमाराचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि खाणाऱ्याला मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त मिळाली.

दुसरा अभ्यास आपल्याच महाराष्ट्रातला. रॉयटर्स मार्केट लाइट ही सेवा शेतकऱ्यांच्या फोनवर बाजारभाव आणि हवामानाचे संदेश पाठवत असे. शंभर गावांत तिची पारख झाली, निष्कर्ष २०१२ साली छापले गेले. संदेश घेणाऱ्याला सरासरी जास्त भाव मिळाला असे दिसले नाही.

फरक कशाचा? माझ्या मते, केरळच्या मच्छीमाराच्या हातात होडीचे सुकाणू होते. आपल्याकडे भाव कळतो, पण अडत्याकडून उचल घेतलेली असते, टेम्पो एकट्याला परवडत नाही, लेकीची फी उद्या भरायची असते. सुकाणू बांधलेले असेल तर दिशा कळून उपयोग काय? फोन भाव देत नाही. पर्याय असेल तर फोन त्या पर्यायापर्यंत नेतो.

मग पर्याय आपणच तयार करू. चार घरांचा वीस क्विंटल कापूस एकत्र करा. टेम्पो सांगण्याआधी तीन जिनिंगला फोन लावा. नुसता भाव विचारू नका. ओलावा किती चालतो, कट्टी किती, हमाली-तोलाई कोणाकडे, पैसे रोख की आठ दिवसांनी, उद्या काटा चालू आहे का, हे पाचही विचारा. सीसीआयच्या केंद्रावर ८ टक्क्यांच्या वर ओलाव्याला कपात होते आणि १२ टक्क्यांच्या वर माल परत येतो. तेव्हा आधी कापूस वाळवा, मग फोन करा. क्विंटलमागे शंभराचा फरक निघाला तरी वीस क्विंटलचे दोन हजार होतात. रिचार्ज त्यात वर्षभर निघेल. ज्वारीचेही तेच. खळ्यावर आलेल्या खेडा खरेदीवाल्याला "थांब, एक फोन करतो," एवढे म्हटले तरी त्याचा आवाज बदलतो.

पिकाच्या सल्ल्यासाठी किसान कॉल सेंटर आहे, १८००-१८०-१५५१, सकाळी ६ ते रात्री १०, मराठीत, फुकट. २००४ पासून चालू आहे. पण "कापसावर रोग आलाय, काय मारू" असे विचारले तर उत्तरही तसेच मोघम मिळेल. वाण, लावणीची तारीख, जमीन हलकी की भारी, शेवटचा पाऊस, शेवटची फवारणी, हे जवळ ठेवून बोला. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले किंवा शंभरातली दहा फुले गुलाबी अळीने मिटलेली दिसली, तर फवारणीची वेळ झाली. हे मोजून सांगितले तर समोरचाही मोजून सांगेल. कृषी केंद्राच्या गल्ल्यावर विचारण्यापेक्षा हे बरे, कारण सल्ला देणाऱ्याला डबा विकायचा नसतो.

सरकारला एक प्रश्न

२०२५ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७७१० रुपये आणि लांब धाग्याचा ८११० रुपये होता. त्याच वर्षी १९ ऑगस्टपासून सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले आणि बाजारातले भाव हमीभावाच्या खाली राहिले. ज्या वर्षी सीसीआयची गरज सगळ्यात जास्त, नेमके त्याच वर्षी तिच्या काट्यावर जाण्यासाठी 'कपास किसान' या ॲपवर नोंदणी आली. पीक पाहणी तर ऑगस्ट २०२१ पासूनच ॲपवर गेली आहे. बटणांच्या फोनमध्ये ही ॲप बसत नाहीत. म्हणजे हमीभावाचा हक्क सातबाऱ्यावर नाही, फोनच्या पडद्याच्या आकारावर ठरणार काय?

साध्या फोनवर हे जमत नाही असे कोणी सांगू नये. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये बटणांच्या फोनवरून, इंटरनेटशिवाय पैसे पाठवण्याची सोय सुरू करून दाखवली. *९९# लावून खात्यातली शिल्लक त्याच्याही आधीपासून कळते. पैसे पाठवता येतात, मग कापसाचा दिवस का ठरवता येऊ नये?

आपली मागणी सरळ आहे. जे काम ॲपवर होते ते साध्या फोनवरून बटणे दाबून झाले पाहिजे. तेही जमत नसेल त्याच्यासाठी बाजार समितीच्या खिडकीवर, पावतीसह झाले पाहिजे. ठरलेला दिवस मराठी संदेशाने कळवला पाहिजे. आणि नंबर बंद पडला म्हणून सातबारा घेऊन समोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याचा माल परत जाता कामा नये.

हा ठराव प्रत्येक गावच्या बैठकीत मांडा. त्याच बैठकीत प्रत्येकाने आपला फोन पुढे ठेवावा. आधारला कोणता नंबर आहे, बँकेत कोणता आहे, संदेशांची पेटी भरली आहे का, हे एकमेकांचे तपासून घ्या. ज्यांचा नंबर परका निघेल त्यांची यादी करा आणि एक टेम्पो करून सगळ्यांना एकाच दिवशी आधार केंद्रावर न्या. वेचणी सुरू होण्याआधी हे झाले पाहिजे. एकदा कापूस घरात आला की कोणालाच वेळ राहत नाही, आणि व्यापाऱ्याला हे पक्के माहीत असते.