टीम लीडरचे अध्यात्म आणि कॅन्टीनमधला विनोद

आयटी कंपन्यांत 'आध्यात्मिक नेतृत्वा'ची प्रशिक्षणे आता नवी राहिलेली नाहीत. सकाळी ध्यान, भिंतीवर सुविचार, मधूनच एखाद्या गुरुजींचे व्याख्यान. नेता आध्यात्मिक झाला की कर्मचारी कामचुकारपणा, चहाड्या, पाडापाडी सोडतील, अशी अपेक्षा असते.

लुई फ्राय या अमेरिकन अभ्यासकाने 2003 मध्ये हा सिद्धांत मांडला तेव्हा धर्म आणि अध्यात्म वेगळे ठेवले होते. आपले काम कुणाच्या तरी उपयोगी पडते आणि आपण इथलेच आहोत, या दोन भावना माणसात जागवणे हे नेत्याचे काम, असे तो म्हणतो. दुसरी भावना मला जास्त महत्त्वाची वाटते. परका ठरवलेला माणूस सहसा भांडत नाही. तो माहीत असलेला बग सांगत नाही, कोड रिव्ह्यू दोन दिवस लोंबकळत ठेवतो, कागदोपत्री काही लिहून ठेवत नाही. नुकसान होते, पण ते कुठल्याच अहवालात दिसत नाही.

घातक वर्तन मोजण्यासाठी बेनेट आणि रॉबिन्सन यांनी 2000 मध्ये 19 प्रश्नांची मोजपट्टी तयार केली. परवानगीशिवाय ऑफिसची वस्तू नेणे, मुद्दाम हळू काम करणे यांच्याच रांगेत कामाच्या ठिकाणी धर्म किंवा वंशावरून शेरा मारणे हेही त्यात आहे. आपल्याकडे मात्र पहिल्या दोन गोष्टींवर नोटीस निघते आणि तिसरी कॅन्टीनमधला विनोद ठरते. मुस्लिम सहकाऱ्याच्या डब्यावरून किंवा देशप्रेमावरून टोमणा पडला की सकाळी ध्यान घेणारे साहेब मोबाईलमध्ये डोके घालतात! त्यांचे अध्यात्म किती खरे, ते त्या क्षणी कळते.

हाच निकष आपल्यालाही लागू आहे. जुम्याच्या नमाजासाठी आपल्या माणसाला आनंदाने सोडणारा मुस्लिम लीड, आजारी मुलासाठी लवकर निघणाऱ्या सहकारी महिलेकडे कपाळाला आठ्या घालून पाहत असेल, तर तो धार्मिक असेलही. फ्रायच्या अर्थाने आध्यात्मिक नव्हे.

आणखी एक धोका आहे. 'काम हीच सेवा' म्हणत शनिवार-रविवार फुकट राबवून घेणे अध्यात्माच्या भाषेत फार सोपे जाते.

म्हणून साहेबांच्या चांगुलपणावर सगळे सोपवू नये. लैंगिक छळाबाबत 2013 च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती सक्तीची केली. धर्म आणि जातीवरून होणाऱ्या छळाच्या तक्रारीसाठीही प्रत्येक कंपनीत अशीच समिती हवी, आणि तिच्यात साहेबांच्या मर्जीबाहेरची माणसे हवीत.