श्रद्धांजली पुरे, उपचारांचे बोला!



18 जुलै 2022 रोजी इंदूरहून अमळनेरला निघालेली एस.टी. खलघाटच्या पुलावरून नर्मदेत कोसळली. आपण श्रद्धांजली वाहिली आणि पुन्हा त्याच रस्त्याने खानदेशात लग्नकार्यांना जाऊ लागलो. अपघातात गेलेल्यांसाठी निदान मदत जाहीर होते. पण बस उलटल्यावर समोरच्या सीटच्या दांड्यावर आपटून डोके फुटलेले, हातपाय मोडलेले जे जगतात, त्यांचे काय?

उत्तर कायद्यात आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 162 नुसार केंद्राने 5 मे 2025 रोजी योजना लागू केली. नेमलेल्या रुग्णालयात सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत उपचार, जखमीने पैसे न भरता. तीही सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे कान उपटल्यावर!

मी बँकेत नोकरी करतो. हक्क ठाऊक नसलेला माणूस काउंटरवरून रिकाम्या हाताने परततो, हे रोज बघतो. जखमीचेही तसेच होणार. यादीत नसलेल्या रुग्णालयात प्रकृती स्थिरावण्यापुरताच या योजनेचा लाभ मिळतो. मग यादीतले रुग्णालय कोणते, हे रक्त वाहत असताना शोधायचे कुणी?

मागणी साधी आहे. तात्या सरवट्यांचे नाव मिरवणाऱ्या आपल्या बसस्थानकावर आणि महाराष्ट्राकडे जाणाऱ्या प्रत्येक बसमध्ये 112 हा क्रमांक आणि वाटेवरच्या नेमलेल्या रुग्णालयांची यादी हिंदी-मराठीत लावा. मंडळाच्या गणेशोत्सवात येणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याला आधी हे विचारा. हारतुरे नंतर!