काटा स्टीलचा, सुरी प्लॅस्टिकची

आपल्याकडच्या कितीतरी घरांतून आई-वडील दरवर्षी अमेरिकेतल्या मुलांकडे जातात. एखाद्या वर्षी मुलं हौसेनं त्यांना बिझनेस क्लासचं तिकीट काढून देतात. जेवण येतं ते पांढऱ्याशुभ्र नॅपकिनमध्ये गुंडाळलेल्या चकचकीत स्टीलच्या काटे-चमच्यांसह. पण वीस-बावीस वर्षांपूर्वी याच महागड्या खुर्चीवर बसलेल्यांना सुरी मात्र प्लॅस्टिकची मिळायची. तुमच्यातले बरेच जण तेव्हा जन्मलेही नसतील, म्हणून ही गोष्ट सांगतो.

११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेत चार विमानांचं अपहरण झालं. त्या दिवसापर्यंत तिथल्या नियमानुसार चार इंचांहून लहान पात्याचा चाकू प्रवाशाला खुशाल विमानात नेता येत होता. हल्ल्यानंतर नियम एका रात्रीत कडक झाले आणि जेवणाच्या ट्रेमधली लोणी लावायची बोथट सुरीसुद्धा त्यात सापडली.

गंमत अशी, की पहिल्या वर्गात चिनी मातीच्या बश्या तशाच राहिल्या. काचेचे पेलेही राहिले. अनेक विमानांत काटासुद्धा स्टीलचाच होता. आता फुटलेल्या काचेला धार नसते का? आणि काट्याची टोकं सुरीपेक्षा बोथट असतात का? पण हे विचारायला तेव्हा कुणाला उसंत नव्हती. लोक घाबरलेले होते आणि काहीतरी केलंय हे दिसायला हवं होतं.

खरा फरक पडला तो न दिसणाऱ्या गोष्टींनी. वैमानिकाच्या कक्षाचं दार पूर्वी साधंच असे. ते भक्कम करण्यासाठी अमेरिकेनं ९ एप्रिल २००३ ही मुदत घातली. दुसरा फरक माणसांच्या मनात पडला. अपहरण झालं की शांत बसा, वाटाघाटी होतील, ही जुनी शिकवण. डिसेंबर १९९९ मध्ये कंदाहारला नेलेल्या आपल्या विमानाचा प्रश्नही वाटाघाटींनीच सुटला होता. पण ११ सप्टेंबरच्या चौथ्या विमानातल्या प्रवाशांना फोनवरून बाकीच्या विमानांचं काय झालं ते कळलं आणि ते प्रतिकाराला उठले. त्यानंतर गप्प बसण्याचा सल्ला कुणालाच पटेना.

पुढे धातूच्या सुऱ्या हळूहळू परतल्या. आज अमेरिकेच्या विमानतळावर गोल टोकाची, लोणी लावायची सुरी तपासणीत अडवत नाहीत. मागच्या स्वस्त खुर्च्यांवर प्लॅस्टिक रेंगाळलं, ते मुख्यतः वजन आणि धुण्याचा खर्च वाचतो म्हणून. आता त्यालाही चाप बसतोय. युरोपीय संघात ३ जुलै २०२१ पासून आणि भारतात १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या काटे-चमच्यांवर बंदी आहे.

हे सगळं आठवायचं कारण आपल्या सोसायट्या. फाटकावर रजिस्टर असतं, पाहुणा त्यात वाटेल ते नाव खरडतो, ते कुणी वाचत नाही. आणि जिन्यातल्या अग्निशामक नळकांड्याची मुदत कधीच उलटून गेलेली असते. रजिस्टर ही आपली प्लॅस्टिकची सुरी आणि नळकांडं हे आपलं भक्कम दार. पुढच्या बैठकीत वर्गणीचा विषय संपला, की तुम्हा तरुणांपैकी कुणीतरी उठून त्या नळकांड्यावरची तारीख वाचून दाखवा. मोठी मंडळी थोडी कुरकुरतील, पण ऐकतील.