एव्हरेस्टदर्शन, पण कोणाच्या जिवावर?

काठमांडूहून सकाळी हेलिकॉप्टरने निघायचे, काला पत्थरवर उतरून एव्हरेस्ट पाहायचे आणि दुपारच्या आत परतायचे, अशा सहली महाराष्ट्रातल्या पर्यटकांनाही आता अपरिचित नाहीत. ज्यांचे गुडघे चालत जाऊ देत नाहीत, त्यांना हिमशिखरे पाहण्याचा हक्क नाही, असे कोणी म्हणणार नाही. मात्र काला पत्थरच्या सुमारे साडेपाच हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. पात्यांना उचल कमी मिळते, प्रवाशाला धाप लागते आणि ढग पाहता पाहता दरी गिळतात. जुलै 2023 मध्ये नेपाळच्या सोलुखुंबू जिल्ह्यातल्या लामजुराजवळ अशाच सहलीवरून परतणारे हेलिकॉप्टर कोसळून पाच मेक्सिकन पर्यटक आणि वैमानिक, असे सहाही जण दगावले. एव्हरेस्टच्या पायथ्याशी असलेल्या खुंबू भागातील रहिवाशांची तक्रार वेगळी: कानठळ्या बसवणारा आवाज, बिथरणारे वन्यजीव आणि पायी येणाऱ्यांवर चालणाऱ्या लॉजना बसणारी झळ. एव्हरेस्टचा हा परिसर, म्हणजे सगरमाथा राष्ट्रीय उद्यान, 1979 पासून जागतिक वारसास्थळ आहे. तिथे बचावकार्याच्या उड्डाणांना अग्रक्रम आणि सहलींच्या फेऱ्यांना कडक मर्यादा हवीच. पर्यटकांनीही एक पथ्य पाळावे: हवामान बिघडल्याने वैमानिक नाही म्हणाला, तर हुज्जत घालू नये.