उपवासाची भगर, इफ्तारची बिर्याणी

२० फेब्रुवारी २०२४. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात सोमठाणा गावी हरिनाम सप्ताह चालू होता, त्यात एकादशी. भगर-आमटीचा प्रसाद खाल्लेल्या शेकडो माणसांना उलट्या-जुलाब सुरू झाले. बिबीच्या ग्रामीण रुग्णालयात जागा पुरेना, तेव्हा बाहेर उघड्यावर दोऱ्या बांधून त्यांवर सलाईनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या.

नाशिककरांनी ही बातमी परक्याची समजू नये. पेठ, सुरगाणा, इगतपुरीच्या डोंगरउतारांवर वरई पिकते आणि नाशिकच्या गिरण्यांतून तिची भगर होऊन बाहेर जाते. ती ओलसर जागी पडून राहिली की अॅस्परजिलस जातीची बुरशी धरते, आणि बुरशीचे विष शिजवल्याने जाईलच असे नाही. म्हणून अन्न व औषध प्रशासन सणावारी बजावते: सुटी भगर घेऊ नका, पाकिटावरची तारीख पाहा, कोरड्या झाकणाच्या डब्यात ठेवा, पीठ करून साठवू नका.

आपल्या घरांत भगर कमी शिजते, भात मात्र रोज. रात्री ओट्यावर झाकून ठेवलेली बिर्याणी सहेरीला गरम करून खाणे किती घरांत चालते? तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट पडून राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. वास येत नाही, चवही बदलत नाही. दिवसभर पाण्यावाचून राहिलेल्या रोजेदाराला त्यात जुलाब लागले, तर अंगातले पाणी किती झपाट्याने उतरेल?

जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिजलेले अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. देगमधला भात मध्यभागी तासन्‌तास कोमट राहतो. तो पसरट ताटांत काढून निववावा आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवावा. कुर्बानीच्या गोश्तचेही तेच. पाच किलोची एक पिशवी फ्रीजरमध्ये कोंबली तर आतला भाग गार व्हायला फार वेळ लागतो. छोटी, चपटी पाकिटे करा. आणि कच्ची कोंबडी धो-धो नळाखाली धुऊ नका. ते शिंतोडे शेजारच्या कोशिंबिरीवर पडतात.

२००६चा अन्नसुरक्षा कायदा अन्नाच्या धंद्याला लागू आहे. घरच्या ओट्यावर निरीक्षक येत नाही. कुणाचे पोट बिघडले की बोल मात्र अम्मीला किंवा भाभीला लावला जातो. पण जुन्या नाशकातून गोश्त घेऊन ते दोन तास गाडीच्या हँडलला लटकवत दोस्तांशी गप्पा मारणारा कोण असतो? फ्रिज न आवरणारा, उरलेले न झाकणारा कोण? हे काम बाईचे ठरवून मोकळे होण्याची सवय आपल्या पिढीने सोडायला हवी.

अन्न फेकणे आपल्याला गुन्हा वाटते, आणि ते बरोबरच आहे. त्यावर उपाय शिळे खाणे हा नाही. अंदाजाने कमी शिजवावे आणि उरेल ते त्याच रात्री, गरम असतानाच वाटून टाकावे. मोहल्ल्यात इफ्तारची पाकिटे वाटणाऱ्या तरुणांनी यंदा एवढे ठरवावे: दुपारी बारालाच पुलाव भरून ठेवायचा नाही. देग मगरिबच्या दोन तास आधी उतरली पाहिजे, आणि पाकिटे भरणाऱ्यांनी आधी साबणाने हात धुतले पाहिजेत.