हातात घेऊन वाजवायचं चित्र

घरात एखादी जुनी गिटार पडून आहे आणि कॉलेजला जाणारी मुलगी ती रंगवायचं म्हणतेय? मग ब्रश हातात देण्याआधी तिला एरिक क्लॅप्टनच्या गिटारची गोष्ट सांगा.

ही गिटार म्हणजे १९६४ची गिब्सन एसजी. मूळचा रंग चेरीसारखा लाल. १९६७ साली क्लॅप्टनचा तिघांचा 'क्रीम' हा बँड पहिल्यांदाच न्यूयॉर्कला वाजवायला निघाला होता. त्याआधी त्यांची वाद्यं 'द फूल' नावाच्या चमूकडे रंगवायला दिली गेली. (हे आपलं मराठी फूल नाही बरं का! टॅरोच्या पत्त्यांमध्ये एक वेडा भटक्या असतो, त्याच्यावरून घेतलेलं इंग्रजी नाव आहे ते.) या चमूतले मुख्य चित्रकार दोघे, मारिके कोगर आणि सायमन पोस्तुमा. दोघेही मूळचे डच, काम करत होते लंडनमध्ये.

त्यांनी लाल रंगावर आधी पांढरा थर दिला आणि त्यावर तैलरंगांनी चित्र काढलं. कुरळ्या केसांचा, पंखांचा एक देवदूत, हातात वाजवायचा त्रिकोण, भोवती निळं आकाश, चांदण्या आणि ज्वाळा. फक्त पुढची बाजूच नाही, तर मागची बाजू आणि ज्यावरून डावा हात सतत फिरतो तो नेकही त्यांनी रंगवला. बासगिटार आणि ड्रमही सजले.

इथेच घोळ झाला. भिंतीवरच्या चित्राला कोणी हात लावत नाही. गिटारच्या चित्राला मात्र रोज घाम, नखं, शर्टाची बटणं आणि पट्ट्याचं बक्कल झेलावं लागतं. नेकचा रंग निघायला लागला, ठिकठिकाणी टवके उडाले. चित्र सुंदर होतं यात वादच नाही, पण वादकाच्या अंगठ्याचा विचार जरा कमी पडला, असं मला वाटतं.

पुढे ही गिटार हातोहात फिरत अमेरिकन संगीतकार टॉड रंडग्रेनकडे आली, तीही अवघ्या ५०० डॉलरमध्ये. त्याने तिची डागडुजी करून घेतली, चित्र टिकावं म्हणून त्यावर पारदर्शक लॅकर चढवलं आणि ती बरीच वर्षं वाजवली. नोव्हेंबर २०२३मध्ये तिचा लिलाव झाला तो तब्बल १२.७ लाख डॉलरला. म्हणजे आपले दहा कोटी रुपयांहून जास्त!

आता गंमत बघा. या गिटारला आजही 'द फूल' म्हणूनच ओळखतात, म्हणजे चित्रकारांच्याच नावाने. तरी मारिके आणि सायमन ही नावं तुमच्यापैकी कितीजणांनी आज पहिल्यांदाच ऐकली?

त्याच वर्षी बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने मात्र कोणा चित्रकाराची वाट पाहिली नाही. फिकट निळ्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरवर त्याने स्वतःच झगझगीत रंग फासले आणि वरच्या टोकाला पत्नी पॅटीची हिरवी नेलपॉलिश लावली. गिटारचं नाव 'रॉकी'. २०२०मध्ये फेंडर कंपनीने तिच्या हुबेहूब प्रती काढल्या. हौशी हाताचे ते वेडेवाकडे फराटे कुशल कारागिरांना जसेच्या तसे गिरवावे लागले असतील, याचं मला भारी हसू येतं.

तर आता तुमच्या घरची गिटार. इलेक्ट्रिक असेल तर फारशी काळजी नाही, कारण तिचा आवाज मुख्यतः तारांची थरथर टिपणाऱ्या पिकअपमधून येतो. तारा, नॉब आणि पिकअप काढून ठेवा. पृष्ठभाग बारीक पॉलिशपेपरने हलकेच घासा. प्रायमर द्या, मग अॅक्रिलिक रंगांनी चित्र काढा. ते पूर्ण वाळलं की पारदर्शक लॅकरचे पातळ थर द्या. एक थर वाळल्याशिवाय दुसरा नको. लॅकर गच्चीत किंवा मोकळ्या हवेत मारा, तोंडाला मास्क हवाच. नेकच्या मागच्या बाजूला आणि बोटं पडतात त्या पट्टीला हात लावू नका.

अकूस्टिक गिटारचं प्रकरण वेगळं. तिची पुढची पातळ फळी थरथरते म्हणून तर आवाज घुमतो. त्यावर रंगाचे जाड थर चढले की फळी जड होते आणि आवाज दबतो. मुलगी ऐकतच नसेल, तर मागची बाजू तिला देऊन टाका. पुढे फार तर भोकाभोवती एखादी बारीक वेल काढू दे.