ऊसतोड कामगारांच्या रक्तदाब-मधुमेहाच्या डिजिटल नोंदींबाबत निवेदन

दिनांक : १ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : गाळप हंगामात गाव सोडणाऱ्या रक्तदाब व मधुमेहाच्या रुग्णांना डिजिटल नोंदीवर कोणत्याही सरकारी दवाखान्यात औषधे मिळणेबाबत.

महोदय,

आम्ही बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार व गावातल्या आशा स्वयंसेविका आहोत. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, त्या मार्च-एप्रिलात परततात. गोळ्या मात्र एका महिन्याच्याच मिळतात.

तिशी ओलांडलेल्यांची तपासणी करून आशा मोबाइलवर नोंद करतात. आरोग्याच्या नोंदींसाठीचे १४ अंकी आभा क्रमांकही निघाले. आता कागद भिजला, हरवला तरी नोंद माणसाबरोबर फिरेल, असे आम्ही समजून चाललो. गेल्या हंगामात आमच्यातली एक बाई कारखान्याजवळच्या दवाखान्यात आभा कार्ड घेऊन गेली. संगणकावर तिचे नाव दिसले, जन्मवर्ष दिसले. गोळी कोणती, किती मिलिग्रॅमची, मागचा रक्तदाब किती, यातले काहीच दिसले नाही. "गावाकडून कागद घेऊन या," असे उत्तर मिळाले. गावाला जाऊन यायचे म्हणजे दोन दिवसांचा खाडा, आणि खाड्याचे पैसे मुकादम उचलीत धरतो. तिने गोळ्याच सोडल्या.

फोनवर आरोग्याचे संदेशही येतात. पहाटे चारला फडात उतरून दिवसभर मोळ्या वाहणाऱ्या बाईला 'रोज ३० मिनिटे चाला' सांगण्यात काय हशील? त्यातून नोंदवलेला नंबर मुलाचा, आणि मुलगा पुण्यात.

संदेश वायाच जातात, असे आमचे म्हणणे नाही. डॉ. ए. रामचंद्रन व सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३७ नोकरदार पुरुषांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. दोन वर्षांत संदेश मिळणाऱ्यांपैकी १८ टक्क्यांना मधुमेह झाला, न मिळणाऱ्यांपैकी २७ टक्क्यांना. पण तिथे फोन ज्याचा त्याच्या हातात होता आणि मजकूर त्याची तयारी पाहून लिहिलेला होता.

म्हणून आमच्या मागण्या :

१. औषधाचे नाव, मात्रा आणि शेवटच्या तीन वेळचे रक्तदाब व साखरेचे आकडे आभा क्रमांकावर राज्यातल्या कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात दिसावेत व त्यावर गोळ्या मिळाव्यात. आमच्या बऱ्याच टोळ्या सीमेपलीकडे असतात, तेव्हा कर्नाटक शासनाशीही बोलणे व्हावे.

२. हे होईपर्यंत टोळी निघताना तीन महिन्यांच्या गोळ्या आणि मराठीत छापलेले औषधपत्र हातात द्यावे.

३. संदेश बोलके असावेत, रात्री आठनंतर यावेत आणि आमच्या जगण्यातले असावेत : खर्ड्यातले मीठ, मिश्री, मधुमेहाची गोळी उपाशीपोटी घेऊन फडात गेल्यावर येणारी चक्कर. नंबर कोपीवर असलेल्या फोनचा नोंदवावा.

४. तारीख चुकलेल्या रुग्णांची यादी आशांना फोनवर मिळावी व त्यांना रिचार्जचे पैसे वेळेवर द्यावेत. कामाचे मोजमाप भरलेल्या फॉर्मांवरून होते. ते किती जणांचा रक्तदाब १४०/९० च्या खाली राहिला, यावरून व्हावे. मात्र गोळ्यांचा साठा नसेल तर त्याचा दोष आशांच्या माथी येऊ नये.

यंदा दसरा २ ऑक्टोबरला आहे. पहिल्या मागणीला वेळ लागेल, हे आम्ही जाणतो. दुसऱ्या मागणीचा आदेश मात्र टोळ्या निघण्यापूर्वी काढावा, ही विनंती.

आपले विश्वासू,
ऊसतोड कामगार व आशा स्वयंसेविका,
जि. बीड
(सोबत : सह्या व अंगठ्यांची यादी)